बागेत सापडलेला हातोडीच्या डोक्याचा चपटा किडा, आणि एकूणच जंतांबद्दल

राजेंद्रनगरवाली
मंडळी, पाऊस लागल्यापासून आमच्या सोसायटीच्या बागेत एक विचित्र प्राणी दिसतोय. लांबी वीतभर, अंग चपटं नि चिकट, पिवळट रंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा, आणि डोकं हातोडीसारखं आडवं पसरलेलं. सकाळी कुंड्यांच्या खाली आणि ओल्या विटांवर सापडतो. शेजारच्या काकांनी काठीने त्याचे दोन तुकडे केले, तर दोन्ही तुकडे वेगवेगळ्या दिशांना सरपटत निघाले!

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की हा जंतच आहे, पोटात गेला तर मेंदूत चढतो. तेव्हापासून मुलांचं खाली खेळणं बंद. माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला चिखल सोडून दुसरं काही सुचत नाही. हा नक्की काय आहे? पोटातल्या जंतांशी, पट्टकृमीशी त्याचं काही नातं आहे का? इंदुरात अजून कुणाला दिसलाय?

शेवपोहे
फोटो टाका ना. आणि काकांची काठी आधी काढून घ्या, नाहीतर दिवाळीपर्यंत बाग त्यांचीच होईल.

सूक्ष्मदर्शी
वर्णन इतकं स्पष्ट आहे की फोटोची फारशी गरज नाही. हा बायपॅलियम, म्हणजे जमिनीवर राहणारा प्लॅनेरिया. पाठीवर पाच रेघा असतील तर बहुधा बायपॅलियम केवेन्स. मूळचा आग्नेय आशियातला, पण शास्त्रीय वर्णन झालं ते १८७८ साली, लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरात सापडलेल्या नमुन्यावरून. कुंड्यांच्या मातीबरोबर तो जगभर पोचला आहे.

तो चपट्या कृमींच्या संघातला आहे, पण परजीवी नाही. शिकारी आहे आणि त्याचं भक्ष्य म्हणजे गांडूळ. तोंड डोक्याला नसून पोटाच्या मधोमध असतं. तिथून घसा बाहेर काढून तो गांडुळावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेलं मांस ओढून घेतो. न पचलेलंही त्याच तोंडातून बाहेर टाकतो, कारण या प्राण्यांना गुदद्वार नाही. हृदय नाही, रक्त नाही, फुप्फुस किंवा कल्लेही नाहीत. ऑक्सिजन त्वचेतून नुसता झिरपत आत जातो. झिरपून फार खोल जाता येत नाही, म्हणून कुठलीच पेशी पृष्ठभागापासून लांब असून चालत नाही. शरीर चपटं आहे ते यासाठी. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

आता काकांच्या काठीविषयी. प्लॅनेरियाच्या अंगभर निओब्लास्ट नावाच्या मूळपेशी पसरलेल्या असतात आणि त्यांच्यातून कोणताही अवयव नव्याने घडू शकतो. थॉमस हंट मॉर्गनने १८९८ च्या सुमारास प्लॅनेरिया कापून कापून पाहिले, तर शरीराच्या २७९ व्या भागाएवढ्या कणातूनही अख्खा प्राणी तयार झाला. बायपॅलियम तर स्वतःहून शेपटीचा तुकडा मागे सोडतो आणि त्याचा नवा प्राणी होतो. गच्चीतल्या किंवा बागेतल्या एकुलत्या एका प्राण्यापासून वसाहत वाढते ती अशी.

मेंदूत वगैरे तो जात नाही. तरी मुलांनी उघड्या हातांनी धरू नये. २०१४ साली बायपॅलियमच्या दोन जातींमध्ये टेट्रोडोटॉक्सिन सापडलं, फुगणाऱ्या पफर माशात असतं तेच विष. हात लागलाच तर साबणाने धुवायचे, इतकंच.

बडोदेकर
आमच्याकडे अलकापुरीत, गेल्या पावसाळ्यात. रोपवाटिकेतून आणलेल्या फर्नच्या कुंडीच्या बुडाशी दोन होते. गांडूळखताच्या खड्ड्यात शिरू दिले नाहीत. चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकले.

लष्करची_सून
ग्वाल्हेरला अजून नाही पाहिला. पण @राजेंद्रनगरवाली, मुलांचं खेळणं बंद करण्याइतकं काही नाही हे ग्रुपवर आजच लिहा. पावसाळ्यात घरात कोंडलेली मुलं जास्त भयंकर असतात.

नर्मदाकाठ
हा नाही तर नाही, पण पत्ताकोबीतला किडा मेंदूत जातो हे तर खरं आहे ना? आमच्या घरी कितीतरी वर्षं पत्ताकोबी येत नाही. मंचुरियनसुद्धा बंद.

सराफा_रात्री
@नर्मदाकाठ, हाच प्रश्न आमच्या घरात रडून झालाय. माझ्या भाच्याला शाळेत अचानक फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत एक बारीक गाठ दिसली, डॉक्टर म्हणाले कृमीचा फोड आहे. ताईचं घर असं की कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. तिला वाटलं कुणीतरी मुलाला बाहेर मांस खाऊ घातलं. नातेवाइकांत भांडणं झाली भिया, खरंच. शेवटी सगळा दोष पत्ताकोबीवर गेला. आता मुलगा ठीक आहे, औषध चालू आहे. पण ताईला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

ओपीडी_नंतर
@सराफा_रात्री, ताईंना हे वाचून दाखवा. असे पालक मला नेहमी भेटतात आणि त्यांच्या मनातली शरम त्या गाठीपेक्षा मोठी असते.

डुकराच्या पट्टकृमीचं, टीनिया सोलियमचं, प्रौढ रूप फक्त माणसाच्या आतड्यात राहतं. लांबी दोन ते सात मीटर. डोक्यावर चार चूषक आणि हुकांचं दुहेरी कडं, त्यांनी तो आतड्याची भिंत पकडून ठेवतो. त्याला तोंड नाही आणि आतडंही नाही. आपण पचवलेल्या अन्नातच तो बसलेला असतो, त्यामुळे त्वचेतूनच सगळं शोषून घेतो. मानेपाशी नवे नवे खंड तयार होत राहतात, शेवटचे खंड अंड्यांनी भरले की तुटून शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावरची ती घाण डुकराने खाल्ली की अंड्यातला गर्भ त्याच्या रक्तातून स्नायूंत जातो आणि पाण्याचा फोड होऊन बसतो. असं मांस अर्धकच्चं खाणाऱ्याच्या आतड्यात नवा पट्टकृमी वाढतो. मांसाहाराचा संबंध इथे संपला.

आता दुसरी वाट. तीच अंडी माणसाच्याच तोंडात गेली, तर माणूस डुकराच्या जागी येतो. फोड स्नायूत होतात, डोळ्यात होतात, मेंदूत होतात. त्यासाठी मांसाचा एक घासही लागत नाही. ज्याच्या पोटात पट्टकृमी आहे अशा कुणी हात न धुता वाढलेलं खाणं किंवा मैलापाण्यावर वाढलेली कच्ची भाजी एवढं पुरतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरातही हा आजार दिसतो. ताईंनी किंवा मुलाने काही चुकीचं केलेलं नाही.

फोड जिवंत असतो तेव्हा बरीच वर्षं गप्प राहू शकतो, कारण तो शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवत असतो. तो मरायला लागला की चकवणं थांबतं, भोवती सूज येते आणि त्या सुजेमुळे फिट येते. म्हणूनच अशा रुग्णाने जंतांची गोळी मनाने घ्यायची नसते. फोड एकदम मेले तर सूज वाढते. डॉक्टर आधी डोळे तपासतात, मग स्टेरॉइड आणि फिटच्या औषधाच्या आधाराने उपचार करतात. एकच फोड असेल तर बहुतेक मुलं चांगली बरी होतात.

नर्मदाकाठ
मग पत्ताकोबी निर्दोष?

ओपीडी_नंतर
कोबीत जी हिरवी अळी दिसते ती पतंगाचं पिल्लू आहे, बहुतेक वेळा डायमंडबॅक मॉथचं. ती चुकून पोटात गेली तर पचून जाते. पट्टकृमीचं अंडं मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढं असतं, ते डोळ्यांना दिसतच नाही. अळी दिसली म्हणून कोबी टाकायचा आणि त्याच पाण्यावरची कोथिंबीर, पुदिना, मुळा, गाजर कच्चं खायचं, यात काय साधतं? शिजवलेल्या कोबीला घाबरू नका. कच्चं जे काही खाल ते पान पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

आजीचा_बटवा
आम्ही सगळं पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात अर्धा तास ठेवतो. मग चालेल ना?

सूक्ष्मदर्शी
@आजीचा_बटवा, त्यावर विसंबू नका. कृमींच्या अंड्यांची कवचं फार चिवट असतात. होळकर कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही ॲस्कॅरिस, म्हणजे आपला नेहमीचा गोल जंत, फॉर्मेलिनच्या बरणीत ठेवायचो. जंत मेलेला असायचा, पण त्याच्या अंड्यांत गर्भ वाढत राहू शकतो. प्रेतं टिकवायचं फॉर्मेलिन जिथे त्यांचं काही करू शकत नाही, तिथे जांभळ्या पाण्याची काय कथा? पाण्याच्या धारेने अंडी निघून जातात आणि उकळीने मरतात, या दोनच गोष्टी भरवशाच्या.

आता विषय गोल जंतांवर आलाच आहे तर थोडं सांगतो. पट्टकृमी आणि ॲस्कॅरिस दोघेही पोटात सापडतात म्हणून लोक त्यांना भाऊ समजतात. शरीररचना पाहिली तर दोन वेगळी जगं आहेत. गोल जंताला तोंड आहे, सरळ आतडं आहे, दुसऱ्या टोकाला गुदद्वार आहे. आतडं आणि त्वचा यांच्यामध्ये द्रवाने भरलेली पोकळी असते आणि तिच्यात दाब इतका की विच्छेदनाच्या वेळी सुई लावली की द्रव चिळकांडीसारखा उडतो. हाडं नाहीत, हा दाबच त्याचा सांगाडा. त्याचे स्नायू फक्त लांबीच्या दिशेने असतात, गांडुळासारखे आडवे वेढे नाहीत. त्यामुळे तो आखडून पुढे सरकू शकत नाही, नुसता वळवळतो. आणि मला सर्वात नवल वाटतं ते याचं: आपल्यात मज्जातंतू स्नायूपर्यंत जातात, गोल जंतात स्नायूची पेशीच आपला हात लांब करून मज्जारज्जूपर्यंत जाते!

मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. अंडं पोटात गेलं की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात, तिथून फुप्फुसात, मग श्वासनलिकेतून घशाशी येते. आपण ती गिळतो आणि ती परत आतड्यात. मग ती तिथेच वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जाते. जिथून निघाली तिथेच पोचायला एवढा फेरा!

शेवपोहे
सर, मी आत्ता पोहे खात होतो.

सूक्ष्मदर्शी
@शेवपोहे, खा निवांत. गरम आहेत ना?

आजीचा_बटवा
तुमचं सगळं मान्य. पण आमच्याकडे तान्ह्या बाळाला वावडिंग घालून उकळलेलं पाणी देतात, आणि मोठ्या मुलांना महिन्यातून एकदा. माझ्या सासूबाईंनी पाच मुलं अशीच वाढवली. गोळ्यांची गरज पडली नाही. तुम्ही लोक जुनं सगळं मोडीत काढता.

ओपीडी_नंतर
@आजीचा_बटवा, मोडीत काढत नाही. वावडिंगात एम्बेलिन नावाचं द्रव्य आहे आणि कृमींवर त्याचा परिणाम होतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. अडचण अशी की एम्बेलिन पाण्यात फारसं विरघळत नाही. उकळलेल्या पाण्यात ते किती उतरलं हे कुणालाच सांगता येणार नाही. तुमचं पाणी उकळलेलं असतं, याचा फायदा मात्र पक्का. जंतांच्या गोळीतलं अल्बेंडाझोल कृमीच्या पेशीतल्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे पेशीच्या आतल्या नळ्या बनत नाहीत, कृमीला ग्लुकोज घेता येत नाही आणि तो उपाशी मरतो. मात्रा ठरलेली, परिणाम ठरलेला.

लष्करची_सून
गोड खाल्लं की जंत होतात, झोपेत दात खाल्ले की जंत झालेत, हे दोन्ही आमच्याकडे रोज ऐकू येतं. खरं आहे का?

ओपीडी_नंतर
दोन्ही नाही. जंत अंड्यांतून किंवा मातीतल्या अळ्यांतून येतात, पेढ्यातून नाही. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर मात्र लक्ष द्या. तो बारीक पांढरा सूतकृमी असतो, त्याची मादी रात्री बाहेर येऊन त्वचेवर अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, नखं तोंडात. अशा वेळी घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी परत घ्यायचं, आणि नखं कापायची.

धारचे_आप्पा
सगळी चर्चा वाचली. वय झालं, टायपिंग नातू करतोय. तुम्ही कुणी नारूचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो.

आमच्या लहानपणी गावात पायऱ्यांची बावडी होती. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरायचे. माझ्या काकांच्या पायाला फोड आला, आग आग होत होती. फोड फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू डोकावला. वैद्यबुवांनी त्याचं टोक काडीला गुंडाळलं आणि रोज थोडं थोडं फिरवायला सांगितलं. ओढला आणि तुटला तर पाय सडणार. पेरणीचे दिवस आणि काका ओसरीवर पडून. घरातल्या बायकांनी बैल जुंपले होते, हे मला स्पष्ट आठवतं.

पुढे शिक्षक झाल्यावर मी याबद्दल वाचलं. नारूही गोल कृमीच आहे. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवाच्या पोटात त्याची अळी असते, तो पाण्याबरोबर आपल्या पोटात जातो. वर्षभराने साधारण मीटरभर वाढलेली मादी पायाशी येऊन फोड करते. आग शमवायला माणूस पाय पाण्यात घालतो आणि तिला तेच हवं असतं, कारण त्या क्षणी ती हजारो अळ्या पाण्यात सोडते. यावर लस नव्हती, औषध नव्हतं. १९८० च्या दशकात सरकारी मोहीम सुरू झाली. दुहेरी फडक्याने पाणी गाळायला शिकवलं, बावड्यांत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे औषध टाकलं, हातपंप दिले, पायऱ्यांच्या बावड्या बंद केल्या. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. फडक्याने गाळून एक रोग देशातून गेला. आज माझ्या नातवाला नारू हा शब्दही माहीत नाही, याचा मला फार आनंद आहे.

सराफा_रात्री
आप्पा, नमस्कार. हे लिहून ठेवल्याबद्दल नातवालाही धन्यवाद.

काळी_माती
मी महूकडचा. आमच्याकडे कृमी म्हटलं की माणसाआधी म्हैस आणि पीक. तळ्याकाठी, पाणथळीत चरणाऱ्या जनावरांना लिव्हर फ्लूक होतो. तोही चपटाच, पानासारखा, यकृतातल्या पित्तनळ्यांत राहतो. त्याच्या अळीला मध्ये गोगलगाय लागते, गोगलगाईतून बाहेर पडून ती पाण्याकाठच्या गवताला चिकटून बसते. जनावर खंगतं, दूध तुटतं, जबड्याखाली पाणी उतरतं. तळ्याकाठचं गवत कापून दोन-चार दिवस कडक वाळवून मगच घालावं असं आमचे वडील म्हणायचे, आणि त्याला अर्थ आहे.

गोल कृमींचा त्रास शेतात. टोमॅटो, वांगी, भेंडी, पेरू यांच्या मुळांवर गाठी दिसल्या की समजायचं सूत्रकृमी आला. झाड दुपारी माना टाकतं, लोक पाणी वाढवत बसतात आणि खाली मुळं बंद झालेली असतात. मी उन्हाळ्यात खोल नांगरट करून, ओलवून, प्लास्टिक अंथरून माती तापवतो. निंबोळी पेंड देतो, आणि टोमॅटोच्या आधी झेंडू घेतो. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने सूत्रकृमी कमी होतात. दसऱ्याला फुलंही विकली जातात.

जीवपेशी
मी इंदूरची, सध्या पुण्यात प्रयोगशाळेत गोल कृमींवरच काम करते. इतका वेळ त्यांचे अपराध चाललेत, थोडी त्यांची बाजूही मांडते!

मातीत राहणारा एक मिलिमीटरचा गोल कृमी आहे, सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. कुणाच्या पोटात राहत नाही, जिवाणू खातो, आणि पूर्ण पारदर्शक असतो. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात त्याला अभ्यासासाठी निवडलं. त्याच्या शरीरात ९५९ पेशी असतात, त्यातल्या ३०२ मज्जापेशी. अंड्यापासून प्रत्येक पेशी कुठून आली याचा पूर्ण वंशवृक्ष जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून मांडला. वाढीच्या काळात १३१ पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, आणि पेशींनी मरण्याचं ते तंत्र आपल्यातही तसंच आहे. २००२, २००६ आणि २०२४ ची वैद्यकशास्त्राची नोबेल पारितोषिकं या कृमीवर झालेल्या कामासाठी आहेत. बहुपेशीय प्राण्यांत पहिल्यांदा पूर्ण जनुकसंच वाचला गेला तो याचाच, १९९८ मध्ये.

आणि नात्याचं. सूक्ष्मदर्शी सर म्हणाले की चपटे आणि गोल वेगळ्या जगातले आहेत, ते डीएनएनेही सिद्ध केलंय. १९९७ पासूनच्या अभ्यासानुसार कात टाकून वाढणारे प्राणी एका मोठ्या शाखेत येतात. गोल कृमी वाढताना चार वेळा कात टाकतात, कीटकही कात टाकतात. चपटे कृमी दुसऱ्या शाखेत, गोगलगायी आणि गांडुळांच्या बाजूला. म्हणजे @नर्मदाकाठ, तुमच्या कोबीतली अळी पट्टकृमीपेक्षा पोटातल्या गोल जंताला जवळची! आणि बागेतला बायपॅलियम ज्या गांडुळाला खातो, ते त्याच्याच बाजूचं.

नर्मदाकाठ
वाचून चक्रावले. रविवारी चोइथराम मंडीतून पत्ताकोबी आणणार आहे, शिजवून. यजमानांना सांगितलंय, ते मंचुरियनच मागतायत.

राजेंद्रनगरवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी सूक्ष्मदर्शी सरांचं उत्तर ग्रुपवर टाकलं आणि मग आम्ही सात-आठ जणी टॉर्च घेऊन बागेत गेलो. कुंड्या उचलून पाहिल्या, चार सापडले. चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकले, काठी कुणी वापरली नाही. मुलं लांबून बघत होती, गांडूळ वाचवायला चाललोय म्हणून सगळी खूश. आजपासून खेळणं सुरू.

एक राहिलं. शाळेतून चिठ्ठी आली आहे की १० ऑगस्टला जंतांची गोळी देणार. तिला सध्या जंत आहेत की नाही हे माहीत नसताना देऊ का? आणि धाकटा दीड वर्षाचा आहे, त्याला?

ओपीडी_नंतर
द्या. ही मोहीम १ ते १९ वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी आहे, प्रत्येकाची तपासणी करत बसण्यापेक्षा सरसकट गोळी देणं सोपं आणि सुरक्षित असतं. मुलीला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, नीट चावून. धाकट्याला अर्धी, चुरून पाण्यातून, अंगणवाडीत देतील. त्या दिवशी ताप किंवा दुसरं आजारपण असेल तर थांबायचं आणि बरं झाल्यावर द्यायची. कधी फिट आलेली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, @सराफा_रात्री, हे भाच्यासाठीही.

बडोदेकर
@काळी_माती, गच्चीवर ड्रममध्ये पेरू लावायचा आहे. सूत्रकृमी रोपाबरोबरच येतो का?

काळी_माती
बहुतेक वेळा रोपाबरोबरच येतो. घेताना पिशवी थोडी फाडून मुळं बघा, नर्सरीवाला कुरकुरला तरी. मुळांवर गाठी दिसल्या तर ते रोप घेऊ नका. आणि पिशवीच्या बुडाशीही बघा, रेघांवाला असेल तर तिथेच असतो.